दोन झाकणं सिरका

हुबळीत नळाला पाणी यायचा दिवस हा सणाच्या खालोखाल मानला जातो. त्या दिवशी माणसं फोन उचलत नाहीत, पाहुण्यांना या म्हणत नाहीत, आणि घरातली एकूण एक घागर, पातेलं, तांब्या भरून झाल्याशिवाय कुणाच्या जिवाला थारा नसतो. अशा या गावात, केशवापुरातल्या आपल्या घराच्या दिवाणखान्यात, परशुरामअण्णा आजरेकर यांनी समुद्र भरून ठेवला होता.

'समुद्र' हा त्यांचा शब्द. शेजारी त्याला माशांची पेटी म्हणत आणि अण्णांची बायको भारती नुसतं 'काच' म्हणे. काच पुसली का, काचेला टेकू नका, एवढाच तिचा समुद्राशी व्यवहार. भिंतीभर लांबीची ती पेटी, वर निळा दिवा, आत खडक आणि खडकांवर बोटं हलवत बसलेली प्रवाळं. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी होती, एक पिवळा मासा होता, आणि तळाशी एक पांढुरका, बेताच्या रूपाचा मासा होता, जो दिवसभर तोंडात वाळू भरायचा आणि गाळून बाहेर टाकायचा. या शेवटच्यावर मात्र भारतीचा जीव होता. लसूण सोलताना ती त्याच्याकडे बघत बसे. आपण आणि पार्वती सोडून या घरात आणखी कुणीतरी काम करतंय, याचं तिला बरं वाटायचं.

पार्वती म्हणजे घरकामाची बाई. तिची ओळख पुढे होईलच. आधी अण्णा.

अण्णांच्या आजोबांनी आजऱ्याहून येऊन इथल्या दुर्गदबैल बाजारात भांड्यांचं दुकान घातलं, वडिलांनी ते वाढवलं आणि अण्णांनी त्यात खुर्ची टाकली. लोकांची लग्नं होतात म्हणून भांडी खपतात, आणि भांडी खपतात म्हणून दुकान चालतं. यात अण्णांना करण्यासारखं फारसं काही नव्हतं. रिकाम्या माणसाला छंद लागतो. अण्णांना तो एकामागून एक लागत गेला. आधी होमिओपॅथी. शेजारच्या अंबूताईंची खाज अण्णांच्या गोळ्यांनी इतकी वाढली की त्या आमच्या बाजूची खिडकी उघडेनाशा झाल्या, असं भारती सांगे. मग बोन्साय. ती झाडं बुटकी ठेवायची असतात, अण्णांची वाळून बुटकी झाली. मग दुर्बीण आली. शनीची कडी दाखवतो म्हणून त्यांनी निम्मं केशवापूर गच्चीवर नेलं आणि ढग दाखवून परत आणलं. त्या दुर्बिणीच्या तिपाईवर आता टॉवेल वाळतात. प्रत्येक छंदात अण्णांना पहिले काही महिने आकाश ठेंगणं व्हायचं, आणि मग ते सगळं निस्तरायला भारती होतीच.

समुद्राचा नाद लागला तो फोनवर चित्रफिती बघून. खऱ्या समुद्राशी अण्णांचा संबंध एकदाच आला होता. गोव्याला जाताना घाटात त्यांना उलट्या झाल्या, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर बुटात वाळू जाते म्हणून ते गाडीतून उतरलेच नाहीत. पण काचेतला समुद्र अंगावर येत नाही. त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसता येतं, आणि आल्यागेल्याला समोर बसवून त्याच्याविषयी बोलता येतं. मुख्य म्हणजे बोलता येतं.

या समुद्राला नळाचं पाणी चालत नसे. गाळून गाळून निर्मळ केलेलं पाणी लागे, त्यात पोत्यातलं समुद्री मीठ कालवायचं. गाळायचं यंत्र एक बादली चांगलं पाणी द्यायला तीन बादल्या टाकून द्यायचं. आठ-आठ दिवस नळाची वाट बघणाऱ्या घरात हे चालायचं. भारती ते टाकलेलं पाणी पिंपात भरायची, त्यानं फरशी पुसायची, अंगण धुवायची, आणि अण्णा समुद्रापुढे बसून म्हणायचे, "निसर्ग जपला पाहिजे बघा."

पुढे समुद्रात शेवाळ माजलं. खडक हिरवे झाले, काच दिवसाआड पुसावी लागू लागली. तेव्हा अण्णांच्या तोंडी नवा मंत्र आला, कार्बन डोसिंग. हे काय असतं ते भारतीला तोंडपाठ झालं, कारण घरात येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी ते ऐकावं लागे. मासे खातात, मासे घाण करतात. घाण कुजून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं, म्हणजे शेवाळाला खतच. त्यावर उपाय असा की पाण्यातल्या जंतूंना खाऊ घालायचा. दारू, व्हिनेगर किंवा साखर, यातलं काहीही चालतं. खाऊ मिळाला की जंतू वाढतात आणि वाढता वाढता ते खत संपवतात. मग पेटीखालच्या कपाटातलं फेस काढायचं यंत्र त्या जंतूंनाच फेसाबरोबर बाहेर काढतं. सगळं मोजूनमापून, थेंबाथेंबानं. खाऊ जास्त झाला तर जंतू इतके माजतात की पाण्यातला प्राणवायू तेच ओढतात, आणि मासे गुदमरून मरतात.

"म्हणजे," भारती एकदा म्हणाली, "जेवायला घालून भांडी घासून घ्यायची, आणि घासून झाली की घराबाहेर काढायचं."

"तुला विज्ञान कळत नाही," अण्णा म्हणाले.

सुरुवात दारूपासून झाली. व्होडकाच पाहिजे, तीही साधी, असं चित्रफितीतला गोरा म्हणाला होता. आता अण्णा दत्तमंदिराच्या कमिटीत, दत्तजयंतीला व्यसनमुक्तीवर बोलणारे. त्यांनी दारूच्या दुकानाची पायरी कशी चढायची? त्यांनी डोकं चालवलं. पार्वतीचा नवरा यल्लप्पा तारिहाळच्या कारखान्यात कामाला होता. हा यल्लप्पा वर्षानुवर्षं पीत होता, घरातलं एकेक भांडं विकून पीत होता, आणि अलीकडेच सौंदत्तीला यल्लम्मापुढे शपथ घेऊन त्यानं दारू सोडली होती. अख्ख्या हुबळीत अण्णांना बाटली आणायला तोच सापडला. "अरे, तुला कुठं प्यायचीय? जंतूंना पाजायचीय," म्हणून ते हसले.

दुसऱ्या दिवशी पार्वती भांडी घासता घासता थांबली. ती भारतीला एवढंच म्हणाली, "अक्का, एकदा आणली. रात्रभर अंगणात बसून होते ते. परत नका पाठवू."

भारतीनं उरलेली बाटली मोरीत ओतली आणि दिवाणखान्यात येऊन सांगितलं, "तुमच्या जंतूंना पाहिजे तर स्वतः जा. दिवसाउजेडी, दत्तमंदिरावरून, हातात पिशवी घेऊन." मग आठवड्याभरात त्यांना असा शोध लागला की जगातले जाणकार आता व्होडका सोडून व्हिनेगरकडे वळलेत. शोध त्यांचाच, भारतीचा त्यात संबंध नव्हता.

पण व्हिनेगर हा शब्द त्यांना पटेना. व्हिनेगर म्हटलं की लोकांना गोबी मंच्युरीची गाडी आठवते, म्हणाले. कुठल्याशा हिंदी चित्रफितीत त्यांनी 'सिरका' ऐकला आणि तो त्यांना एकदम भारदस्त वाटला. तेव्हापासून घरात सिरका. व्हिनेगर तेच, कोपऱ्यावरचं, पण एका तपकिरी औषधाच्या बाटलीत ओतलं आणि कपाटात ठेवलं की त्याचा सिरका व्हायचा. रोज सकाळी आंघोळ झाली की, देवपूजेच्या आधी, अण्णा ओल्या अंगानं समुद्रापाशी जायचे, त्या बाटलीच्या झाकणानं दोन झाकणं सिरका मोजायचे आणि तीर्थ सोडावं तसे सोडायचे. पार्वती कामाला यायच्या आत हे उरकलेलं असे, आणि दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. भारतीनं तर नाहीच. "हिचा हात मिठाला सैल," असं ते चारचौघांत सांगत. पंचवीस वर्षं तिच्या हातचं चवीनं खाऊन झाल्यावर त्यांना हे समजलं होतं.

असो. या वर्षी अळणावरला भारतीच्या भावाच्या, प्रल्हादच्या मुलीचं लग्न निघालं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं ठरलं होतं. समुद्राला एका दिवसाच्या वर सोडता येत नाही, असं अण्णांनीच बजावलं होतं. पण अळणावरच्या मंडळींनी हा समुद्र पूर्वी ऐकलेला नव्हता. लाकडाच्या वखारीवाले, शेतीवाले, नवऱ्या मुलाकडचे चुलते, सगळे पंगतीनंतर पानं चघळत अण्णांभोवती बसले आणि अण्णांनी त्यांना प्रवाळाच्या जन्मापासून सुरुवात केली. प्रल्हाद म्हणाला, "दाजी, आज राहायचंच बघा. उद्या सत्यनारायण आहे." अण्णांनी एकदाही समुद्राचं नाव काढलं नाही. असे ऐकणारे हुबळीत आता उरले नव्हते.

सकाळी मात्र त्यांना झटका आला. आज डोस कोण घालणार?

"एक दिवस उपास घडला तर मरतात का जंतू?" भारती म्हणाली. ती मांडवात बसून पूजेची तयारी करत होती, हात हळदीनं भरलेले. समोर चुलत्यांचं मंडळ चहाला जमलं होतं.

"सातत्य!" अण्णा बोट वर करून म्हणाले. "कार्बन डोसिंगमध्ये सातत्य हाच प्राण." आणि त्यांनी पार्वतीला फोन लावला. घराची किल्ली तिच्याकडेच होती.

अळणावरच्या त्या मांडवात फोन धड लागत नव्हता, वर सनई लावलेली. अण्णा खांबाला धरून कन्नडात ओरडू लागले, "पार्वती! मीनिन नीराग यरड मुच्चळ सिरका हाक! यरड मुच्चळ!" म्हणजे माशांच्या पाण्यात दोन झाकणं सिरका घाल. फोन त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला होता, कारण हुकूम द्यायचा तर तो चारचौघांना कळायला हवा.

पलीकडून पार्वतीचा आवाज खरखरत आला, "सक्री एन्री, अण्णार?"

सक्री म्हणजे साखर. हुबळीत शेंबडं पोर ते सांगेल. बाई सरळ विचारत होती, साखर का हो, अण्णा?

"हां, हां, सिरका!" अण्णा ओरडले. "यरड मुच्चळ!"

"आत री. हाकतीनी." बरं, घालते, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

"अहो," भारती म्हणाली, "ती सक्री म्हणाली. साखर. परत लावा आणि व्हिनेगर म्हणा. नाहीतर कपाटातली बाटली म्हणा."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी चुलत्यांकडे पाहिलं आणि हसले. "तू मधे बोलू नकोस. हिला वाटतं समुद्र म्हणजे आमटी. हिचा हात मिठालासुद्धा सैल, विचारा प्रल्हादला."

चुलते हसले. प्रल्हादसुद्धा हसला. माहेरच्या मांडवात, माहेरच्या माणसांसमोर. भारतीचे कान तापले. तिचा फोन तिच्या पर्समध्येच होता. हात धुवून पार्वतीला एक फोन करायला कितीसा वेळ? ती उठली नाही. घाला म्हणावं साखर, तिच्या मनात आलं. गोड होऊ दे एकदाचा समुद्र. आणि तिला चक्क गंमत वाटली. मग भटजी आले, प्रसादाचा शिरा ढवळायला तिला हाक आली आणि ते डोक्यातून गेलं.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर दोघं घरी परतली. पार्वती दार उघडायला आली ती जरा ऐटीतच. घर झाडून लख्ख केलेलं, आणि अण्णांनी विश्वासानं सांगितलेलं काम चोख केलेलं.

दिवाणखान्यात समुद्र नव्हता. काचेमागे ताक होतं. इतकं पांढरं की पलीकडची भिंत दिसेना, खडक दिसेना. केशरी जोडी पाण्याच्या अगदी वरच्या कडेला तोंड लावून धापा टाकत होती. पिवळा मासा कोपऱ्यात आडवा तरंगत होता.

"काय घातलंस?" अण्णांचा आवाज चिरकला.

"सक्री," पार्वती म्हणाली.

"किती?"

"तुम्ही सांगितली तेवढी. यरड मुच्चळ." आणि तिनं स्वयंपाकघरातून झाकण आणून दाखवलं. साखरेच्या डब्याचं, पितळी, पसाभर साखर मावेल असं. साखर मोजायची तर साखरेच्याच डब्याचं झाकण घेणार ना ती? या पाण्यात दारू गेलेली तिनं पाहिली होती, कसकसल्या पुड्या गेलेल्या पाहिल्या होत्या. त्यामानानं साखर तिला शहाणपणाची वाटली होती.

मग अण्णा जे सुटले ते विचारू नका. अडाणी, आंधळी, घरबुडवी, वर्षाची मेहनत मातीत घातलीस, तुला झाकण कळत नाही, तुला शब्द कळत नाही. जो माणूस गिऱ्हाइकानं उधारी बुडवली तरी दुकानात हात चोळत बसायचा, त्याला घरकामाच्या बाईपुढे काय कंठ फुटला! शेवटी म्हणाले, "चालती हो. उद्यापासून या घरात पाऊल ठेवायचं नाही."

पार्वती रडली नाही. तिनं झाकण पुसून डब्याला लावलं, पदर खोचला आणि मागच्या पायरीवर जाऊन आपली पिशवी भरू लागली. भारती तिच्यामागे गेली. "अक्का," पार्वती हळू म्हणाली, "अण्णारे हेळ्यारल्री?" अण्णांनीच सांगितलं ना?

आता पार्वती कोण, ते सांगायला हवं. अण्णांची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. त्या दोन वर्षांत तिला कुशीवर वळवणारे, तिचं सगळं अंथरुणात करणारे हात पार्वतीचे होते. अण्णा तेव्हा गच्चीवर शनी शोधत होते. म्हातारी गेली तेव्हा शेवटचं पाणी तोंडात घातलं तेही पार्वतीनं, कारण मुलाला वरून खाली यायला उशीर झाला. यल्लप्पाची दारू सुटून वर्ष झालं नव्हतं. घर चालत होतं ते हिच्या या कामावर. आणि हिला या माणसानं एका शब्दापायी बाहेर काढलं होतं, तोही शब्द याचाच.

भारती दिवाणखान्यात परतली. काचेच्या तळाशी, वाळूला लागून, तिला तो पांढुरका मासा दिसला. आडवा पडला होता. तोंडात अजून वाळू होती. मांडवातली ती गंमत आता तिला गिळवेना. या मुक्या जिवानं कुणाचा हात सैल आहे असं कधी म्हटलं नव्हतं.

"तिनं विचारलं होतं," भारती म्हणाली. "साखर का, म्हणून विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"मी सिरका म्हणालो!"

"मी सांगितलं होतं तुम्हाला. सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं."

"मग तू करायचास फोन!"

हे मात्र खरं होतं, आणि लागायचं तिथे लागलं. "करायला हवा होता," ती म्हणाली. "तुमच्यावरचा राग मी माशांवर काढला. पण मला नाही ना काढत तुम्ही घराबाहेर? तिलाच कशी काढता?"

"सिरका हा साधा शब्द आहे. कुणालाही कळेल."

"कुणालाही?" भारतीनं समोरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "ते शेट्टरांचं दुकान. जा आणि जसं पार्वतीला सांगितलंत तसंच मागा. कन्नडात, सिरका. बाटली घेऊन आलात तर पार्वती गेली, मी शब्द बोलणार नाही. जा की."

अण्णांनी चपला घातल्या. न जाऊन सांगतात कुणाला? ताठ मानेनं रस्ता ओलांडला. भारती फाटकात उभी राहिली.

संध्याकाळच्या गिऱ्हाइकांची गर्दी होती, शेजारी पिठाची गिरणी घरघरत होती. गर्दीत दत्तमंदिर कमिटीचे खजिनदारही नेमके उभे. अण्णा छाती काढून म्हणाले, "शेट्टर, सिरका कोडरी." म्हणजे सिरका द्या.

"सक्री? अर्धा का एक किलो?"

"सिरका!"

"हौद्री, सक्रीच. एक किलो देतो." शेट्टरांनी पोत्यात माप घातलं.

"अहो, सिरका! सि-र-का!"

"एवढं ओरडायला काय झालं? देतोय की साखर," शेट्टर कन्नडात म्हणाले, आणि खजिनदारांकडे वळून, "आजरेकरांकडे पाहुणे आलेले दिसतात."

अण्णांना तिथे व्हिनेगर म्हणता आलं असतं. तेवढं म्हणून बाटली पिशवीत टाकून ते घरी आले असते, तर फाटकातल्या भारतीला गिरणीच्या आवाजात काय कळणार होतं? पण ते त्यांना सुचलं नाही. फसवायला लागते तेवढी हुशारीसुद्धा त्या माणसात नव्हती, आणि याला कुणी गुण म्हणत असेल तर म्हणो. साखरेचा पुडा छातीशी धरून ते परत आले.

घरात वेगळंच चाललं होतं. पोत्यात माप गेलेलं बघून भारती फाटकातूनच सगळं समजली होती आणि आत येऊन तिनं पार्वतीला हाक मारली होती. लाटा उसळतात म्हणून समुद्राला प्राणवायू मिळतो, हे तिनं अण्णांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. त्या शंभर वेळांचा पहिल्यांदाच काही उपयोग होत होता. दोघी दोन स्टुलांवर उभ्या राहून तांबे भरभरून ते पांढरं पाणी उंचावरून काचेत सोडत होत्या. दिवाणखाना चिकट झाला होता. काढून टाकलेली बाई पदर खोचून अण्णांचे मासे वाचवत होती. अण्णा पुडा घेऊन दारात उभे राहिले, आणि थोड्या वेळानं, कुणी न सांगता, ताजं खारं पाणी कालवायला बसले.

पिवळा गेला. वाळूवाला गेला. प्रवाळांतली निम्मी गेली. केशरी जोडी तेवढी राहिली.

अण्णांनी माफी मागितली असं कुणाला वाटत असेल, तर त्याला अण्णा अजून कळलेले नाहीत. रात्री जेवताना ते पार्वतीविषयी एक अक्षर बोलले नाहीत. ये नाही आणि जा नाही. सकाळी पार्वती मागच्या दारात येऊन उभी राहिली, पिशवी खांद्यालाच. "अक्का, आत येऊ का नको?"

भारती विचारात पडली. ये म्हणणं तिच्या हातात होतं. पण तिनं ये म्हटलं असतं तर पार्वती भारतीच्या मेहेरबानीवर राहिली असती, आणि काढणारा मोकळा राहिला असता, पुढच्या वेळी पुन्हा काढायला. "ये," ती म्हणाली, "पण पिशवी ठेवू नकोस अजून. त्यांच्या तोंडून तुझं नाव निघू दे."

तेवढ्यात खजिनदार समुद्र बघायला आले. आदल्या दिवशी साखरेवरून एवढी आरडाओरड का झाली, या विचारानं त्यांना झोप लागली नसावी. पांढुरक्या पाण्याकडे बघून ते म्हणाले, "हे काय हो, आजरेकर?"

अण्णांनी खुर्ची सरसावली. स्वयंपाकघरात दोघींचे कान टवकारले.

"प्रयोग," अण्णा म्हणाले. "साखरेची पद्धत. सिरका आता जुना झाला. परदेशात बरेच जण साखरेवर गेलेत. म्हटलं, हुबळीत आपण पहिले. डोस जरा वर गेला, एवढंच. संशोधनात काही जीव जातात."

भारतीनं कपाळावर हात मारून घेतला. काल पार्वतीचा होता तोवर तो अडाणीपणा होता. आज यांचा झाल्याबरोबर प्रयोग झाला. गरिबाची चूकसुद्धा या माणसानं तिच्याजवळ राहू दिली नाही.

तिनं चहा गाळला. दोन कप भरले. खजिनदारांच्या कपात साखर घातली, अण्णांच्या कपात घातली नाही. दोन्ही पार्वतीच्या हातात दिले.

अण्णांनी बोलता बोलता घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. स्वयंपाकघराकडे बघून त्यांनी भारतीला हाक मारली. भारती गप्प बसली. पुन्हा मारली. ती हलली नाही. समोर पार्वती उभी होती, रिकामा ट्रे पोटाशी धरून. अण्णांनी छताकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, खजिनदार कपावरून त्यांच्याकडे बघत होते. शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, "पार्वती, सक्री हाक."

पार्वतीनं खांद्यावरची पिशवी काढली आणि दाराच्या खुंटीला अडकवली. मग साखरेचा डबा घेऊन ती अण्णांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, पितळी झाकण उघडून हातात धरलं, आणि अगदी अदबीनं विचारलं,

"यरड मुच्चळ एन्री, अण्णार?"